रॅमचा वेग पट्टीवर ठरत नाही

पुण्यात पाषाणला आयसर या संशोधन संस्थेच्या आवारात २०१९ साली ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक उभा राहिला. बांधला सी-डॅकने, सेकंदाला ७९७ लाख कोटी आकडेमोडी ही त्याची तेव्हाची कमाल क्षमता. त्याच्या प्रत्येक साध्या नोडमध्ये इंटेलचे झिऑन प्लॅटिनम ८२६८ जातीचे दोन प्रोसेसर आणि १९२ जीबी डीडीआर४ रॅम आहे. रॅमचा वेग २९३३. हा आकडा वाचून हौशी माणूस थबकेल, कारण त्याच वर्षी घरगुती पीसीसाठी ३२०० आणि ३६०० लिहिलेल्या पट्ट्या दुकानांत सर्रास मिळत होत्या. मग संशोधकांच्या यंत्राला कॉलेजातल्या पोराच्या गेमिंग पीसीपेक्षा हळू रॅम का? कारण या झिऑनचा मेमरी कंट्रोलर २९३३पर्यंतच चालेल, असं इंटेलनेच लिहून ठेवलं आहे. शिवाय अशा प्रत्येक प्रोसेसरला मेमरीचे सहा चॅनेल, म्हणजे ये-जा करण्याच्या वाटा, असतात, दोघांचे मिळून बारा. १९२ला बाराने भागलं की १६ येतात, म्हणजे दर चॅनेलला १६ जीबीची एक पट्टी असा हिशेब चोख बसतो. प्रोसेसरला पेलेल तेवढाच वेग घ्यायचा आणि सगळे चॅनेल सारखे भरायचे. घरच्या डेस्कटॉपलाही हेच दोन नियम लागू आहेत, आणि खरेदीच्या वेळी नेमके हेच दोन मुद्दे बोलण्यात येत नाहीत.

बोलण्यात येतो तो एकच आकडा. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विचारा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विचारा किंवा ऑनलाइन पाहा. असेंबल्ड पीसीच्या कोटेशनमध्ये रॅमची ओळ ‘१६ जीबी ३२००’ किंवा ‘१६ जीबी ३६००’ एवढ्यावर संपते. गिऱ्हाईक समजतं की मोठा आकडा म्हणजे वेगवान संगणक. प्रत्यक्षात पट्टीवर छापलेला आकडा ही फक्त त्या पट्टीची वरची मर्यादा असते. दुसरी मर्यादा प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरची, तिसरी मदरबोर्डच्या चिपसेटची. संगणक चालू होताना बायोस पट्टीवरच्या एका इवल्याशा चिपमधली नोंद वाचतं, त्या नोंदीतले वेग प्रोसेसर आणि बोर्ड यांच्या मर्यादेशी ताडून पाहतं आणि सगळ्यांना जमेल असा वेग ठरवतं. तिघांत जो सर्वांत हळू, त्याच्या चालीने सगळे चालतात. उदाहरणार्थ, २०२०मध्ये आलेला कोअर आय५-१०४०० हा प्रोसेसर डीडीआर४ची २६६६पर्यंतची रॅम चालवतो. तो एच४१० चिपसेटच्या स्वस्त बोर्डावर बसवून ३२००ची पट्टी लावली तर ती २६६६नेच धावते. पैसे ३२००चे गेले, मिळाले २६६६. नुकसान म्हणावं तर मोठं नाही. पण ते कोटेशनवर दिसत नाही.

याहून चमत्कारिक प्रकार नंतरच्या पिढीत घडू शकतो. आय५-१२४०० आणि एच६१० बोर्ड ही जोडी कमी बजेटच्या पीसीत नेहमीची. प्रोसेसरची डीडीआर४साठीची अधिकृत मर्यादा ३२००, आणि एच६१० चिपसेटवर इंटेलने मेमरी ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे मर्यादेपलीकडे पळवणं, बंद ठेवलं आहे. अशा यंत्रात कुणी हौसेने ३६००ची महाग पट्टी घातली आणि तिच्या नोंदीतला प्रमाणित वेग २६६६ असेल, तर ती २६६६वर येऊन थांबण्याची शक्यता असते. शेजारची साधी, बिनझगमगाटाची, ३२०० हाच प्रमाणित वेग असलेली पट्टी मात्र बिनतक्रार ३२००ने धावते. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी वेग. हे कसं होतं, ते कळायला या नोंदीत काय लिहिलेलं असतं ते पाहायला हवं.

मेमरीची मानकं जेडेक ही उद्योगांची संघटना ठरवते. डीडीआर४चं मानक २०१२चं, डीडीआर५चं २०२०चं. डीडीआर४च्या मानकात सर्वांत वरचा वेग ३२००. डीडीआर५ची गाडी बाजारात आली ती ४८००पासून. मानकापलीकडचे वेग मेमरी कंपन्यांनी आपल्या पट्ट्या तपासून स्वतः जाहीर केलेले असतात. ते त्या चिपमध्ये वेगळ्या नोंदीत साठवलेले असतात. इंटेलच्या पद्धतीला एक्सएमपी म्हणतात आणि एएमडीने २०२२मध्ये डीडीआर५साठी आणलेल्या पद्धतीला एक्स्पो. ही नोंद आपोआप लागू होत नाही. बायोसमध्ये जाऊन ती चालू करावी लागते, बोर्डाने तशी मुभा द्यावी लागते आणि प्रोसेसरने ती पेलावी लागते. म्हणून डब्यावर ३६०० लिहिलेली पट्टी डब्यातून काढून लावली की अनेकदा २१३३ किंवा २६६६ने सुरू होते, आणि मालकाला त्याचा पत्ता वर्षानुवर्षं नसतो. अमेरिकेत याच मुद्द्यावर ग्राहकांनी कोर्सेअर आणि जी.स्किल या दोन नामांकित कंपन्यांवर सामूहिक दावे लावले. जाहिरातीतला वेग सेटिंग बदलल्याशिवाय मिळत नाही हे स्पष्ट सांगितलं नव्हतं, अशी तक्रार होती. दोन्ही दाव्यांत तडजोड झाली. कोर्सेअरने ५५ लाख डॉलर देऊ केले, जी.स्किलने २४ लाख. आरोप त्यांनी मान्य केले नाहीत, पण छापील वेग आणि मिळणारा वेग यांतलं अंतर कोर्टापर्यंत जाण्याएवढं मोठं होतं, हे तर दिसलंच. इंटेल आणि एएमडी यांच्या अटीही वाचण्यासारख्या आहेत: प्रमाणित मर्यादेपलीकडे मेमरी पळवली तर प्रोसेसरच्या वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो, असं दोघंही सांगतात.

आता समजा बोर्ड चांगला आहे, प्रोसेसरही पेलतो आणि सेटिंगही चालू केलं. तरी मोठा आकडा म्हणजे जास्त वेग हे पूर्ण खरं नाही. रॅमच्या कामाचे दोन हिशेब असतात: सेकंदाला किती माहिती वाहून नेली आणि मागितल्यावर पहिला तुकडा किती वेळाने मिळाला. स्वारगेटहून कात्रजला तासाभरात किती प्रवासी पोचले हा एक प्रश्न आणि थांब्यावर आल्यापासून पहिल्या प्रवाशाला किती वेळ लागला हा दुसरा. बसगाड्या वाढवल्या म्हणून दुसऱ्याचं उत्तर बदलतंच असं नाही. पट्टीवर वेगाशेजारी ‘सीएल१६’, ‘सीएल२२’, ‘सीएल४०’ असं काही छापलेलं असतं, ते या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, पण घड्याळाच्या ठोक्यांत मोजलेलं. त्याचे नॅनोसेकंद करायचे तर सीएलच्या आकड्याला २०००ने गुणायचं आणि वेगाने भागायचं. ३२००, सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६००, सीएल१८ म्हणजेही १०. डीडीआर५ची ६०००, सीएल३० घेतली तरी १०च. उलट सुरुवातीच्या डीडीआर५मधली ४८००, सीएल४० ही साडेसोळाच्या वर जाते, म्हणजे त्या बाबतीत बऱ्या डीडीआर४पेक्षा मागे. वाहतूक मात्र तिची जास्त. म्हणून ३६०० आणि ३२०० यांची तुलना सीएल न पाहता करणं निरर्थक आहे. दुकानात वेगाचा आकडा मोठ्याने सांगितला जातो, सीएलचा कुणी विचारल्याशिवाय निघत नाही.

आणि हे दहा-पंधरा नॅनोसेकंदसुद्धा वापरणाऱ्याला थेट जाणवत नाहीत, कारण प्रोसेसर बहुतेक वेळा रॅमपर्यंत येतच नाही. नेहमी लागणारी माहिती तो स्वतःच्या पोटातल्या कॅशमध्ये ठेवतो आणि बहुतेक मागण्या तिथेच भागतात. टॅलीत नोंदी, वर्डमध्ये अर्ज, ब्राउझरमध्ये दहा टॅब, झूमवर क्लास, या कामांत २६६६ आणि ३२०० यांतला फरक डोळ्यांना कळत नाही. जो कळतो तो रॅम कमी पडल्याचा. जागा संपली की विंडोज माहिती एसएसडीवर सरकवतं. सीएलखेरीजचा सगळा वेळ धरून रॅमकडून उत्तर यायला साधारण शंभर नॅनोसेकंदांच्या आतबाहेर लागतात, चांगल्या एसएसडीकडून दोन आकडी मायक्रोसेकंद, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्ककडून मिलिसेकंद. म्हणजे वेगात कंजुषी केली तर दंड काही टक्क्यांचा, जागेत केली तर शेकडो पटींचा. या दोन दंडांची तुलना केली की पहिला पैसा कुठे घालायचा याबद्दल शंका उरू नये. ८ जीबीची ३६०० आणि १६ जीबीची २६६६ यांत निवड असेल तर ऑफिसच्या किंवा अभ्यासाच्या संगणकासाठी दुसरी घ्यावी.

जागेनंतर येतात चॅनेल, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त फसगत इथेच होते. घरगुती डेस्कटॉपला दोन चॅनेल असतात. १६ जीबी हवी म्हणून एकच १६ची पट्टी लावली तर एक चॅनेल रिकामा राहतो; दोन ८च्या लावल्या तर दोन्ही कामाला लागतात. आकडेच बोलतात: ३२००ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी वाहते, तर २६६६च्या दोन पट्ट्या मिळून ४२च्या वर. हळू दोन पट्ट्यांनी वेगवान एकीला सहज मागे टाकलं. तरीही ‘पुढे वाढवायला स्लॉट मोकळा राहील’ असं सांगून एकच पट्टी गळ्यात मारली जाते. हा युक्तिवाद पूर्ण खोटा नाही. ज्याला सहा महिन्यांत तशीच दुसरी पट्टी घ्यायची आहे त्याने जरूर एक घ्यावी. पण ती दुसरी पट्टी बहुतेक घरांत कधीच येत नाही. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर दोन पट्ट्या शेजारी-शेजारी न लावता साधारणपणे प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. बोर्डाच्या पुस्तिकेत ते चित्रासह दिलेलं असतं.

यावर गेमिंगवाले हरकत घेतील, आणि त्यांची हरकत दखल घेण्यासारखी आहे. एएमडीच्या रायझेन प्रोसेसरमध्ये, ५००० मालिकेपर्यंत, आतल्या तुकड्यांना जोडणारा दुवा मेमरीच्या घड्याळाशी बांधलेला असतो. त्यामुळे रायझेन ५००० मालिकेत ३२००पेक्षा ३६०० बरी पडते. ७००० मालिकेसाठीही खुद्द एएमडीनेच ६०००चा आकडा सुचवला होता, जरी अधिकृत मर्यादा ५२०० असली तरी. वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेता प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला तर मेमरीचा वेग आणि दोन चॅनेल यांनी खरोखर फरक पडतो, कारण तिथे ग्राफिक्सला स्वतःची मेमरीच नसते. तीच रॅम दोघांत वाटली जाते. हे सगळं मान्य. पण या मुद्द्यांनी मूळ म्हणणं खोडलं जात नाही, उलट पक्कं होतं. रायझेनलाही एका ठरावीक आकड्यापर्यंतच लाभ होतो. त्यापलीकडे मेमरी पळवली की ५००० मालिकेत दुवा आणि मेमरी यांची बरोबरी तुटते आणि प्रतिसाद उलट मंदावतो. ३६००च्या जागी ४४०० घेणारा पैसे देऊन मागे जाऊ शकतो. शिवाय ज्याचं ग्राफिक्स कार्डच पूर्ण क्षमतेने राबतंय, त्याचा खेळ रॅमवर अडलेलाच नसतो. आणि एएमडीच्या बऱ्याच एक्स३डी प्रोसेसरांत ९६ एमबी इतका मोठा कॅश दिलेला असतो तो याचसाठी, की प्रोसेसरला रॅमकडे कमी वेळा जावं लागावं. म्हणजे गेमरनेही पट्टीकडे पाहण्याआधी आपला प्रोसेसर पाहायचा आहे.

दुसरी हरकत काटकसरी माणसाची: आज ३६०० घेऊन ठेवू, उद्या बोर्ड बदलला की उपयोगी पडेल. एका पिढीच्या आत हे चालून जातं. पण पुढची उडी डीडीआर४वरून डीडीआर५वर असते आणि तिथे जुनी पट्टी बसतही नाही. दोघींच्या पिना २८८च, मात्र मधली खाच वेगळ्या जागी. आय५-१२४००सारखा प्रोसेसर दोन्ही जातींची रॅम चालवतो, पण बोर्ड सहसा एकाच जातीचा असतो. म्हणून ‘माझा प्रोसेसर डीडीआर५ चालवतो’ एवढ्या माहितीवर रॅम घेणारा दुकानात परत येतो. भविष्यासाठी राखायचं असेल तर वेग राखू नये, जागा राखावी.

जुन्या संगणकात भर घालणारे पुण्यात नव्याने घेणाऱ्यांपेक्षा कमी नसतील. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासची डीटीपीची दुकानं, एमएस-सीआयटीची केंद्रं, सीएंची ऑफिसं, सोसायटीचं कार्यालय, सगळीकडे सात-आठ वर्षांची यंत्रं चालू आहेत आणि त्यांना एक पट्टी वाढवली की नवा श्वास मिळतो. तिथे प्रश्न येतो, जुनी २४००ची आहे, नवी ३२००ची चालेल का? बहुधा चालेल, आणि दोघी २४००ने चालतील. त्यात काही वाईट नाही. जागा दुप्पट झाली, दोन्ही चॅनेल भरले, एवढं पुरे. ८ आणि १६ अशा विषम पट्ट्या लावल्या तर इंटेलची यंत्रं साधारणपणे ८ अधिक ८ एवढा भाग दोन चॅनेलवर आणि उरलेला एकावर चालवतात. तेही चालतं. पण ‘बहुधा’ हा शब्द खरा आहे, कारण एकाच मॉडेलच्या पट्टीतही कंपनी मधूनच आतल्या चिपा बदलते. जोडी म्हणून एका डब्यात विकलेल्या पट्ट्या एकत्र तपासलेल्या असतात. वर्षभराने आणलेली बहीण तशी तपासलेली नसते. आणि एक इशारा: निकालात काढलेल्या सर्व्हरमधल्या डीडीआर४ पट्ट्या सेकंडहँड बाजारात फार स्वस्त दिसतात. त्या सहसा ‘रजिस्टर्ड’ जातीच्या असतात. स्लॉटमध्ये त्या बसतात, पण साधा डेस्कटॉप त्यांच्यावर सुरू होत नाही.

चार स्लॉट आहेत म्हणून चारही भरण्याचा मोह डीडीआर५मध्ये सर्वांत महाग पडतो. रायझेन ७०००साठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन पट्ट्यांना ५२०० आहे आणि चार पट्ट्यांना ३६००. छापील वेग ६००० असला तरी चौघींना एकत्र त्या वेगाने धावायला लावणं नशिबाचं काम. दोष पट्टीचा नसतो. एकाच चॅनेलवर दोन पट्ट्या टांगल्या की संकेत स्वच्छ पोचवणं कंट्रोलरला कठीण जातं. परम ब्रह्मच्या प्रोसेसरलाही यातून सूट नाही: चॅनेलला एक पट्टी तर २९३३, दोन लावल्या तर २६६६. म्हणून ३२ जीबी हवी तर १६च्या दोन, ६४ हवी तर ३२च्या दोन.

या सगळ्याला २०२५च्या अखेरीपासून पैशाची धार आली आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या कारखान्यांचं उत्पादन ओढून घेतल्यावर साध्या रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा आपला किरकोळ विक्रीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. क्रुशियल म्हणजे साध्या, प्रमाणित वेगाच्या पट्ट्यांचं भरवशाचं नाव. पट्टी महाग असताना छापील आकड्यातल्या वापरता न येणाऱ्या चारशे-आठशेसाठी पैसे मोजणं अधिकच खटकतं. तेव्हा कोटेशन घेताना रॅमच्या ओळीत वेगाबरोबर सीएल आणि पट्ट्यांची संख्या लिहून मागावी, प्रोसेसरची मर्यादा त्याच्या कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी आणि बोर्डाच्या पानावरची तपासलेल्या रॅमची यादी चाळावी. पीसी घरी आल्यावर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरीवर क्लिक केलं की चालू वेग आणि भरलेले स्लॉट दिसतात. सीपीयू-झेड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर याच्या निम्मा आकडा दाखवतं. त्याने घाबरू नये, डीडीआर मेमरी घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती देते आणि ते फक्त ठोके मोजतं. वेग छापलेल्यापेक्षा कमी दिसला आणि प्रोसेसर-बोर्ड दोन्हींची मर्यादा वर असेल, तर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करावं. डीडीआर५च्या यंत्रात त्यानंतरच्या पहिल्या सुरुवातीला पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड मेमरीची जुळणी करत असतो, मधेच बटण दाबून बंद करू नये. मग रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावं. सकाळी एक जरी चूक दिसली तर वेग एक पायरी खाली आणून पुन्हा चाचणी घ्यावी, आणि प्रमाणित वेगावरही चूक येत असेल तर पट्टी बिलासह दुकानात परत न्यावी.